मुशीचा दात की नुसता दगड? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात मी मेरीलँडच्या कॅल्व्हर्ट कड्यांजवळच्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या शार्कच्या दातांबद्दल थोडंसं लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की तुमच्याकडं असं काही असेल तर फोटो पाठवा. पाठवलेत, भरपूर पाठवलेत, एडिसनपासून चंद्रपूरपर्यंत. सगळी पत्रं इथं मावणार नाहीत, म्हणून ज्यातून बाकीच्यांनाही काही मिळेल अशी निवडली. एक आधीच सांगते, बऱ्याच पत्रांत दात कुठं सापडला हेच लिहिलेलं नाही, नुसता फोटो आणि खाली "कुठल्या शार्कचा?" एवढंच. दात बघून मी अंदाज करू शकते हो, पण जागा कळली की थर कळतो, थरावरून काळ कळतो, आणि काळ कळला की बहुतेक शक्यता आपोआप गळून पडतात. तेव्हा यापुढं जागा लिहाच.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): ताई, मुलांना घेऊन बिग ब्रुकला गेलो होतो, ओढ्यात चाळण धरून दोन तास बसलो आणि तीन वस्तू मिळाल्या. एक लांब बारीक सुळा, साधारण दीड इंच, मूळ अर्धं तुटलेलं. दुसरा छोटा, एका बाजूला कललेला त्रिकोणी दात, कडेला बारीक बारीक दाते आहेत. तिसरी मधाच्या रंगाची बंदुकीच्या गोळीसारखी वस्तू. मुलगा म्हणतो हा डायनोसॉरचा दात आणि तो आता ते शाळेत न्यायचं म्हणतोय, तर त्याआधी विचारून घ्यावं म्हटलं. यातला मेगॅलोडॉन कुठला?

उत्तर: मेगॅलोडॉन, म्हणजे तो नामशेष झालेला प्रचंड शार्क, यातला कुठलाच नाही आणि तिथं तो सापडणारही नाही. मॉनमथ काउंटीतल्या त्या ओढ्याचे काठ क्रिटेशस काळाच्या शेवटच्या टप्प्यातले आहेत, ढोबळमानानं ७ कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा तिथं उथळ समुद्र होता. मेगॅलोडॉन आला साधारण २ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी, म्हणजे तुमच्या ओढ्यातले शार्क मरून जवळजवळ पावणेपाच कोटी वर्षं झाल्यावर! बघा, नुसतं "बिग ब्रुक" लिहिलंत म्हणून हे एका वाक्यात मिटलं.

आता एकेक घेऊ. कललेला आणि दातेरी आहे तो स्क्वॅलिकोरॅक्स, तिकडं त्याला क्रो शार्क म्हणतात. त्या काळातल्या शार्कमध्ये अशी करवतीसारखी धार फार कमी जणांना होती, म्हणून न्यू जर्सीच्या ओढ्यात दातेरी दात मिळाला की पहिला संशय याच्यावरच घ्यायचा. तुमच्या फोटोत मूळही शाबूत आहे, छान नमुना आहे, जपा.

लांब सुळ्याचं मात्र जरा थांबून बघायला हवं कारण तिथं दोन उमेदवार आहेत आणि नवीन लोक नेमके इथंच फसतात. एक स्कॅपॅनोरिंकस, आजच्या गॉब्लिन शार्कचा नातेवाईक, याचे पुढचे दात लांब आणि बारीक असतात, बाजूनं धरून बघितलं तर हलका वळणदार एस दिसतो, आणि आतल्या फुगीर बाजूवर उभ्या बारीक रेघा असतात. दुसरा एन्कोडस, हा शार्क नव्हे, हाडांचा मासा आहे, तोंडात पुढं मोठे सुळे असलेला. त्याच्या सुळ्यालाही उभ्या रेघा असतात आणि लांबीही तशीच, म्हणून घोळ होतो. फरक बुडाशी आहे. शार्कच्या दाताला खाली दोन फांद्यांचं मूळ असतं, मध्ये एक पन्हळ असते, आणि ते हिरडीतून सुटून येतं. एन्कोडसचा दात हाडालाच जोडलेला, त्याला मूळ असं नसतंच, बुडाशी हाडाचा खडबडीत तुकडा चिकटलेला दिसतो आणि दात दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. तुमच्या फोटोत तुटलेल्या मुळाची एक फांदी शिल्लक आहे आणि शेजारी पन्हळीची सुरुवात दिसते, त्यामुळं मी स्कॅपॅनोरिंकस म्हणेन. मूळ पूर्ण गेलं असतं तर मी एवढ्या खात्रीनं बोलले नसते.

तिसरी गोळी दात नाही. ती बेलेम्नाइट आहे, आजच्या माकुळासारख्या (स्क्विडसारख्या) एका प्राण्याच्या शरीरातला मागचा टणक भाग. उजेडाकडं धरा, मधासारखी आरपार दिसेल, आणि तुटलेल्या टोकाला मध्यापासून बाहेर जाणारे किरण दिसतील. तरी शंका वाटली तर एका कोपऱ्यावर सिरक्याचा थेंब टाका, ती चुन्याच्या जातीची असल्यानं बारीक फेस येईल. (ही परीक्षा फक्त गोळीवर. दातांवर सिरका टाकू नका, त्याचं पुढं लिहिलंय.) मुलाला सांगा नाराज होऊ नकोस, न्यू जर्सीतच हॅडनफील्डला १८५८ मध्ये हॅड्रोसॉरसचा सांगाडा मिळाला होता, त्यामुळं त्या राज्यात डायनोसॉर शोधणं काही वेडेपणा नाही. शाळेत ही गोळी जरूर ने म्हणावं, पण नाव बरोबर लिहून.

आणि एक, तिथले नियम पाळा. काठ खणायचे नाहीत, खुरपं ६ इंचांपेक्षा मोठं नको, चाळण १८ इंचांपेक्षा मोठी नको, आणि माणशी दिवसाला ५ च फॉसिल घरी न्यायची. पाटी लावलेली असते, आत शिरायच्या आधी वाचून घ्या. खणून खणून काठ ढासळले म्हणूनच हे नियम करावे लागले, आणि मला ते अगदी योग्य वाटतात.

प्रश्न (वय ११, लॉरेल, मेरीलँड, आईनं टाइप करून पाठवलंय): मला बीचवर एक काळा दात मिळाला. माझी मैत्रीण म्हणते काळा म्हणजे किडलेला. आणि एवढे दात का पडतात शार्कचे? त्याला दुखत नाही का?

उत्तर: अगं तुझा प्रश्न सगळ्यात आवडला मला. मी रत्नागिरीत वाढले, तिथं बाजारात मुशी यायची, मुशी म्हणजे आपल्याकडचा छोटा शार्क. लहानपणी कोळणीकडून मुशीचं डोकं मागून घेऊन मी जबडा उघडून बघायचे. बाहेर एक ओळ दिसते, पण बोटानं हळूच आतली कातडी बाजूला केली की मागं दुसरी ओळ, तिच्या मागं तिसरी, अशा आडव्या झोपलेल्या ओळी असतात. पुढचा दात पडला की मागचा पुढं सरकतो. शार्कचे दात आपल्यासारखे जबड्याच्या हाडात रुतलेले नसतात, हिरडीच्या कातडीत बसलेले असतात, म्हणून मासा पकडताना सहज सुटतात. आयुष्यभर हे चालूच, एकेक शार्क हजारो दात टाकतो. आणि शार्कचा सांगाडा असतो कूर्चेचा, तुझ्या कानाच्या वरच्या भागात असते ना तशी लवचीक, ती मेल्यावर कुजून जाते, म्हणून शार्कचं मागं राहतं ते मुख्यतः दातच.

काळा रंग किडण्याचा नाही. दात समुद्राच्या तळाशी चिखलात पुरला गेला की आजूबाजूच्या पाण्यातली खनिजं हळूहळू त्याच्यात शिरतात, आणि तिथं कुठली खनिजं होती त्यावर रंग ठरतो. काळा, राखाडी, तपकिरी, निळसर, कुठं कुठं नारिंगीसुद्धा. म्हणून जास्त काळा म्हणजे जास्त जुना असं काही नसतं, एकाच वयाचे दोन दात दोन ठिकाणी दोन रंगांचे मिळतात. तुझा दात कॅल्व्हर्टच्या बाजूचा असेल तर मायोसीन काळातला, ढोबळ १ ते २ कोटी वर्षांचा.

मैत्रिणीला ही गोष्ट पण सांग. पूर्वी युरोपात लोकांना असे दात माल्टा बेटावर खडकांत सापडायचे आणि ते म्हणायचे या सापांच्या दगड झालेल्या जिभा आहेत. १६६६ मध्ये इटलीत लिव्होर्नोजवळ एक प्रचंड शार्क पकडला, त्याचं डोकं निकोलस स्टेनो नावाच्या डॉक्टरकडं तपासायला आलं, त्यानं तोंडातले दात बघितले आणि ओळखलं की अरे हे तर त्या जिभांसारखेच आहेत. पुढच्या वर्षी त्यानं ते छापलं. तू जे केलंस तेच त्यानं केलं, नीट बघितलं आणि प्रश्न विचारला. फक्त एक लक्षात ठेव, कड्याच्या अगदी खाली जायचं नाही, ते कडे अचानक ढासळतात. पाण्याच्या कडेनंच शोध.

प्रश्न (टॅम्पा, फ्लोरिडा): पीस रिव्हरला दोन वीकेंड घालवले, झिपलॉकच्या पिशवीत दोनशेच्या आसपास दात जमलेत. सगळ्यांचे फोटो एकत्र पाठवतोय. प्रत्येकाचं नाव सांगाल का? एक्सेल शीट करायची आहे.

उत्तर: शीट करा, पण नावाच्या रकान्याआधी तारखेचा आणि जागेचा रकाना करा. आणि पिशवीतून बाहेर काढा ते आधी, एकमेकांवर घासून टोकं जातात.

दोनशेंची नावं मी सांगू शकत नाही आणि कुणी फोटोवरून सांगितली तर विश्वास ठेवू नका. तुमच्या ढिगातले निम्मे तरी कारकॅरिनस गटातले आहेत, बुल शार्क, डस्की वगैरे मंडळींचा गट. यांचे वरचे दात रुंद दातेरी त्रिकोण असतात आणि खालचे अरुंद, आणि एका जातीचा खालचा दात दुसरीच्या खालच्या दातासारखा इतका दिसतो की अनुभवी लोकसुद्धा "कारकॅरिनस, जात अनिश्चित" असं लिहून थांबतात. तुम्हीही तिथं थांबा. "अनिश्चित" लिहिणं हे पूर्ण उत्तर आहे, अपुरं नाही. मला माझ्या सुरुवातीच्या वर्षांतल्या डब्यांचं फार वाईट वाटतं, प्रत्येकावर मी ठासून जातीचं नाव लिहिलं होतं आणि जागा मात्र लिहिली नव्हती. आता ती नावंही खोडलीत आणि जागाही आठवत नाहीत. सुंदर दात आहेत ते, पण त्यांच्याबद्दल आता कुणालाच काही सांगता येत नाही.

तरी तुमच्या फोटोत काही लगेच ओळखू येतात ते सांगते. दुसऱ्या रांगेतला मोठा, ज्याच्या कडेचे दाते जाड आहेत पण टोकाच्या थोडं आधीच थांबतात आणि टोक गुळगुळीत राहतं, तो हेमिप्रिस्टिस सेरा. ही खूण एकदा डोळ्यांत बसली की विसरत नाही. याचा एक भाऊबंद अजून हिंदी महासागरात जिवंत आहे. कोंबड्याच्या तुऱ्यासारखा, एका बाजूला खोल खाच असलेला, तो टायगर शार्क. भिंग असेल तर त्याच्या दात्यांवर अजून बारीक दाते दिसतात का बघा, दिसायला हवेत. इंग्रजी टी अक्षरासारखे गुळगुळीत पात्याचे आहेत ते लेमन शार्कचे.

आणि शार्क नसलेलेही बरेच आहेत. चपटं, पातळ, चाकूच्या टोकासारखं आणि खाली मूळच नाही असं जे काळं पातं आहे ते बाराकुडा माशाचं. काळी गोल बटणं आहेत ती ड्रम जातीच्या माशांची, शिंपले फोडून खाणारे मासे ते. आणि पापडांची चळत एकावर एक रचून ठेवल्यासारखा जो तुकडा तुम्ही "दगड?" म्हणून बाजूला ठेवलाय तो साळींदर माशाच्या जबड्याची चावायची पट्टी आहे! तो परत आत घ्या.

पीस रिव्हरची एक अडचण आहे ती शीटमध्ये लिहाच. नदीनं वेगवेगळ्या काळांतले थर धुऊन एकत्र केलेत, त्यामुळं कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या मेगॅलोडॉनशेजारी हिमयुगातल्या मॅमथचा किंवा घोड्याचा दात एकाच चाळणीत येतो. शेजारी सापडले म्हणजे एकाच काळातले असं तिथं धरता येत नाही. परवान्याचंही बघा. फ्लोरिडात सरकारी जागेत, नदीचा तळही त्यात आला, पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचे जीवाश्म गोळा करायला गेन्सव्हिलच्या फ्लोरिडा म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीचा परवाना लागतो. शार्कचे दात त्यातून वगळलेले आहेत, पण घोड्याचा दात वगळलेला नाही, आणि चाळणीत काय येईल ते आधी कुठं माहीत असतं, म्हणून परवाना काढूनच टाका.

प्रश्न (पुणे): ऑनलाइन एक मेगॅलोडॉनचा दात घेतला, साडेपाच इंच, १२,००० रुपये. अगदी गुळगुळीत चकचकीत आहे, कुठं ओरखडा नाही. खरा आहे का? आणि हा शार्क किती मोठा असेल? विकणाऱ्यानं ५५ फूट लिहिलंय.

उत्तर: ओरखडा नाही म्हणूनच मला काळजी वाटते. एवढ्या आकाराचा, पूर्ण शाबूत आणि खराखुरा दात त्या किमतीला मिळणं अवघड आहे. फोटोवरून शिक्का मारणार नाही, पण घरी तपासता येईल. हातात घ्या, खरा दात दगडासारखा जड आणि स्पर्शाला गार लागतो, रेझिनचा साचा हलका आणि कोमट लागतो. भिंगातून हवेचे बारीक बुडबुडे दिसतात का बघा. कडेचे दाते टोकापासून मुळापर्यंत अगदी यंत्रानं कापल्यासारखे एकसारखे असतील तर ते नंतर कोरलेले असू शकतात. मग अंधाऱ्या खोलीत यूव्ही टॉर्च मारा, भरलेला भाग बऱ्याचदा वेगळा चमकतो. बाजारात सगळ्यात जास्त दिसतो तो पूर्ण खोटा नव्हे, अर्धा खरा माल. पातं खरं आणि मूळ पुट्टीनं भरलेलं, किंवा दोन वेगवेगळ्या तुटक्या दातांचा मिळून एक. दुरुस्ती केली तर ती सांगून विकावी, लपवून विकणं ही सरळ फसवणूक आहे आणि त्यानं नवीन माणसाचं मन उडतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

मेगॅलोडॉनच आहे का, की आजच्या ग्रेट व्हाइट शार्कचा, हे बघायचं तर आतल्या बाजूला पातं आणि मूळ यांच्या मध्ये एक गडद व्ही आकाराचा पट्टा असतो, मेगॅलोडॉनला तो ठळक असतो, ग्रेट व्हाइटला नाही. शिवाय मेगॅलोडॉनचे दाते बारीक आणि सारखे, ग्रेट व्हाइटचे जाडेभरडे. बाकी साडेपाच इंच म्हटल्यावर ग्रेट व्हाइट बादच. जुन्या लेबलवर कारकॅरोडॉन किंवा कारकॅरोक्लीस मेगॅलोडॉन असं लिहिलेलं असलं तर गोंधळू नका, प्राणी तोच, आता बहुतेक संशोधक ओटोडस म्हणतात.

लांबीचं म्हणाल तर एक इंच दाताला दहा फूट शार्क असा हिशोब हौशी लोकांत चालतो, विकणाऱ्यानं तोच लावलाय. पण एकाच जबड्यात पुढचा दात मोठा आणि कोपऱ्यातला बारका असतो, मग हिशोब कुठल्या दातावर करायचा? फ्लोरिडात एका वर्गात हेच झालं. मुलांना एकाच शार्कच्या वेगवेगळ्या दातांच्या प्रतिकृती देऊन तेव्हाच्या सूत्रानं लांबी काढायला सांगितली तर उत्तरं ४० फुटांपासून १४८ फुटांपर्यंत आली. त्यातूनच दातांच्या रुंदीवर आधारलेली नवी पद्धत २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यानुसार सगळ्यात मोठे मेगॅलोडॉन २० मीटरच्या आसपास जातात. पण त्यालाही संच लागतो. एकट्या दाताला "मोठा शार्क" एवढंच म्हणा.

प्रश्न (अलिबाग): किनाऱ्यावर पांढरा शुभ्र, पाऊण इंचाचा दात मिळाला. फॉसिल असेल का?

उत्तर: नाही. आपल्या कोकणकिनाऱ्याचा खडक लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर थंड झालेला, त्यात समुद्री शार्कचे दात कुठून येणार. पांढरा रंग, हलकं वजन, मूळ अजून हाडासारखं सच्छिद्र, म्हणजे आत्ताआत्ताच्या मुशीचा किंवा मोठ्या मोरीचा (तोही शार्कच) आहे. तरीही ठेवा तो, जुने दात ओळखायला शिकायचं तर ताजा दात शेजारी हवाच. आणि कोळीवाड्यात विचारून वेगवेगळ्या मुशींचे जबडे बघायला मिळाले तर जरूर बघा, वरचा दात, खालचा दात, मधला, कोपऱ्यातला हे सगळं एका जबड्यात जितकं कळतं तितकं शंभर फोटोंतून कळत नाही.

प्रश्न (वरोरा, जि. चंद्रपूर): आमच्या भागात पावसानंतर शेताच्या बांधाला चकचकीत काळपट तपकिरी चौकोनी कपच्या मिळतात, शंकरपाळ्यासारख्या. सोबत चवळीच्या दाण्याएवढे गुळगुळीत गोल दाणेही. तुम्ही फक्त अमेरिकेतलंच लिहिता, आमच्याकडं काहीच नाही का?

उत्तर: तक्रार शंभर टक्के मान्य, आणि तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस दुसरं काही केलं नाही. तुमच्याकडं जे आहे ते महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी आहे. डोंगरगाव आणि पिसदुरा ही तुमच्याच भागातली गावं जगभरच्या जीवाश्म अभ्यासकांना माहीत आहेत. तिथं लाव्हाच्या खाली लॅमेटा नावाचे थर आहेत, डायनोसॉर जिवंत होते तेव्हाचे. डोंगरगावच्या माशांवर लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ मध्ये लिहिलं, त्यातल्या एका माशाला त्यांनी हिस्लॉप यांचं नाव दिलं. हे स्टीफन हिस्लॉप म्हणजे नागपुरातले मिशनरी, १८६३ मध्ये वारले, त्यांनी नागपूरजवळच्या टाकळीपासून आसपासचे जीवाश्म गोळा करून ठेवले होते. तेव्हा त्यांनी प्रत्येक ठिकाणाची नोंद ठेवली म्हणून आज आपण बोलू शकतो.

तुमच्या शंकरपाळ्या बहुतेक गार माशाचे खवले आहेत. गार आज फक्त उत्तर आणि मध्य अमेरिकेत आणि क्युबात जिवंत आहे, पण एके काळी विदर्भातल्या तळ्यांत होता. त्याचे खवले आपल्या रोहू कटल्यासारखे पातळ नसतात, जाड चौकोनी फरशा असतात, वर काचेसारखा थर चढलेला, म्हणून इतक्या वर्षांनी चमकतात. दात समजून लोक ठेवतात, पण एक बाजू चकचकीत आणि दुसरी हाडासारखी मंद असेल तर खवला. तुमच्या फोटोत तसंच दिसतंय.

गोल दाणे जास्त रंजक आहेत. पिक्नोडस नावाच्या माशाचे ते असावेत असं मला वाटतं, त्याच्या जबड्यात असे दाणे ओळीनं बसलेले असायचे, शिंपले कवच फोडायला. वुडवर्ड यांनी डोंगरगावहून पिक्नोडस लॅमेटी ही जात सांगितली. हे मासे एरवी समुद्राच्या किनाऱ्याकडचे, मग मध्य भारतात तेव्हा समुद्राचा एखादा फाटा आत आला होता का, यावर अजून वाद आहे. तुमच्या बांधावरचा एक दाणा त्या वादातला साक्षीदार होऊ शकतो, पण तो कुठल्या बांधावर, मातीत सुटा होता की खडकात बसलेला होता, हे लिहिलेलं असेल तरच. मोबाइलवर लोकेशन टाका, खडकात बसलेला असेल तर काढू नका, फोटो घ्या. हाडासारखं मोठं काही दिसलं तर हात न लावता नागपूर विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला किंवा नागपुरातल्या जिऑलॉजिकल सर्व्हेच्या ऑफिसला कळवा. आणि वेड्यावाकड्या लांबट गोळ्या मिळाल्या तर त्या टाकू नका, पिसदुऱ्याला दगड झालेली विष्ठा भरपूर मिळते आणि त्यातून तेव्हाचे प्राणी काय खात होते ते कळतं.

प्रश्न (मुंबई): कच्छला बाइक ट्रिपवर गेलो होतो, पश्चिम कच्छमध्ये एका कोरड्या नदीपात्रात फणीसारखी काळी पट्टी मिळाली, दोन इंच. वरून गुळगुळीत, सहा कोनांच्या फरशा एकमेकींना चिकटवल्यासारख्या. ड्रायव्हर म्हणाला कासवाची पाठ.

उत्तर: कासव नाही, पाकट. आपल्याकडं पाकट म्हणून बाजारात येतो ना तो चपटा मासा, शार्कचाच चुलत घराण्यातला, त्यातले काही जण टोकदार दात न ठेवता तोंडात फरशी घालतात, वर एक खाली एक, आणि त्यात शिंपले भरडतात. पश्चिम कच्छमध्ये इओसीन आणि मायोसीन काळातले समुद्री थर आहेत, जुन्या देवमाशांची हाडंही त्या भागातूनच आली, त्यामुळं पाकटाची पट्टी तिथं मिळणं अगदी बरोबर आहे. नुसत्या सपाट दातांचे शार्कही असतात, २०२१ मध्येच जैसलमेरच्या ज्युरासिक खडकांतून स्ट्रोफोडस जैसलमेरेन्सिस ही नवी जात जाहीर झाली, तीही भरडणाऱ्या दातांचीच. पण तुमची पट्टी तशी नाही, फरशांची जोडणी पाकटाची आहे.

कुठला पाकट ते ठरवायला एक फोटो कमी पडतोय. मधल्या फरशा रुंद आणि दोन्ही कडांना बारक्या षटकोनी असतील तर मायलिओबॅटिसकडं झुकते, सगळी एकच ओळ असेल तर एटोबॅटस, आणि अनेक ओळी साधारण रुंद असतील तर रायनॉप्टेरा. तुमची कडेची बाजू तुटली आहे म्हणून वरून सांगता येत नाही. खालची बाजू दाखवा, तिथं मूळ फणीच्या दातांसारखं असतं.

प्रश्न (ठाणे): मावशीनं अमेरिकेतून शार्कचे दात आणून दिलेत, वाळू चिकटलीय. सिरक्यात भिजवू का? एक तुटलाय, फेविक्विकनं जोडला तर चालेल?

उत्तर: सिरका नको. दाताचं इनॅमल फॉस्फेटचं असतं, सिरका तेही हळूहळू खातो, आणि मूळ तर आधी खातो. ब्लीचही नको. समुद्रावरचे असतील तर साध्या पाण्यात चार दिवस ठेवा, रोज पाणी बदला, मीठ निघालं नाही तर नंतर सुकताना दात तडकतो. मग मऊ टूथब्रश आणि हलका हात, आणि सावलीत वाळवा. चिकटलेला दगड निघत नसेल तर राहू द्या, दात कुठल्या थरातला आहे ते तोच सांगतो.

जोडायला म्युझियममध्ये पॅरालॉइड बी-७२ नावाचं रेझिन वापरतात, ॲसिटोनमध्ये विरघळवून, कारण पुढं कधी चुकलं वाटलं तर ॲसिटोननं परत सोडवता येतं. इन्स्टंट ग्लू पिवळा पडतो आणि सुटता सुटत नाही. वार्निश, नेलपॉलिश लावून चकचकीत करण्याचा मोह टाळा. आणि मावशींना आजच फोन करून विचारा की हे कुठल्या राज्यातल्या कुठल्या किनाऱ्यावरचे, त्या विसरायच्या आत, आणि कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहून डब्यात टाका. पेनची शाई दमट हवेत पसरते.

पुढच्या अंकासाठी फोटो पाठवताना दाताची बाहेरची सपाट बाजू, आतली फुगीर बाजू आणि कडेनं एक असे तीन फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून, डावीकडून वरून उजेड घेऊन, फ्लॅश बंद करून. कच्छवाले वाचक, तुमच्या पट्टीच्या खालच्या बाजूचा फोटो आला की पहिलं उत्तर तुमचंच घेते, आणि वरोऱ्याच्या वाचकांनी बांधाचं लोकेशन पाठवलं तर दुसरं.